पाण्यातलं वजन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी तुम्हाला एका चुकीची गोष्ट सांगणार आहे. चूक दुसऱ्या कुणाची नाही, माझीच आहे. आयुष्यभर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवलं. घनता म्हणजे काय, हे दरवर्षी जून-जुलैत फळ्यावर लिहिलं. वस्तुमान भागिले आकारमान. इतकं सोपं, की मुलं वहीत उतरवूनही घेत नसत. पण या सोप्या भागाकाराने मला एकदा असा धडा दिला, की तो आजही विसरलेलो नाही.

गोष्ट १९८२ सालची. खानापूर भागातल्या एका गावात मी नवा नवा व्याख्याता म्हणून रुजू झालो होतो. ज्या वाड्यात भाड्याने राहत होतो, तिथेच मागच्या सोप्यात एक विधवा मावशी राहायच्या. त्यांचे यजमान दक्षिणेत गलाईच्या धंद्यात होते, तिकडेच वारले. मावशींकडे त्यांनी केलेली एक बोरमाळ होती. मुलीचं लग्न ठरत होतं आणि ती माळ मोडून पैसे उभे करायचे होते. पण दिरांचं म्हणणं, माळ खरी की खोटी हे आधी कळू दे, मग पुढचं बोलू. सोनाराकडे जायची मावशींना भीती वाटत होती. ‘सोनार काय सांगंल त्ये खरं मानायचं, आपल्याला काय कळतंय?’ असं त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे आल्या. ‘सर, तुमच्या कालिजात काटा हाय म्हणं. तुम्हीच बघा.’

तरुण वय, नवी नोकरी, हातात प्रयोगशाळेची किल्ली. मला आनंदच झाला. दुसऱ्या दिवशी माळेचे मणी सोडवून घेतले, बारीक दोऱ्यात ओवले आणि रासायनिक काट्यावर तोलले. हवेत वजन भरलं १४ ग्रॅम. मग पारड्यावर लाकडी घोडी ठेवून तिच्यावर पाण्याचं चंचुपात्र ठेवलं, मणी पाण्यात लोंबते ठेवून पुन्हा तोलले. वजन भरलं ११.६ ग्रॅम. फरक २.४ ग्रॅम. चौदाला २.४ ने भागलं, उत्तर आलं ५.८. सोन्याची घनता १९.३. बावीस कॅरेटच्या दागिन्याची साधारण पावणेअठरा. आणि इथे तर सहासुद्धा नाही! मी संध्याकाळी मावशींना सांगितलं, ‘मावशी, हे सोनं नाही.’

त्या काही बोलल्या नाहीत. पण वाड्यात बातमी पसरायला किती वेळ लागतो? रात्री दिरांचा आवाज चढलेला मला माझ्या खोलीत ऐकू येत होता. माळ बदलली, खरी माळ माहेरी पोचवली, असं बरंच काही. माझ्या एका आकड्यामुळे एका बाईच्या सचोटीवर शिंतोडे उडत होते. आणि तो आकडा चुकलेला नव्हता, श्रोतेहो. वजन बरोबर होतं, भागाकार बरोबर होता. चूक कुठे होती, ते सांगतो. पण त्याआधी ही पाण्यात तोलायची युक्ती नीट समजून घेऊ.

वस्तूचं वजन काट्यावर कळतं, त्यात अडचण नाही. अडचण आकारमानाची. विटेचं आकारमान फूटपट्टीने काढता येतं. पण नथीचं कसं काढणार? बुगडीचं? खडबडीत दगडाच्या टवक्याचं? हा प्रश्न फार जुना आहे. सिरॅक्यूजच्या राजाच्या मुकुटाची आणि आर्किमिडीजची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. टबातून पाणी सांडलं आणि तो तसाच धावत सुटला, ही ती गोष्ट. पण ती ऐकताना एक हिशेब कुणी करत नाही. समजा, एक किलोचा मुकुट आहे. शुद्ध सोन्याचा असेल तर त्याचं आकारमान सुमारे ५२ घन सेंटीमीटर. त्यात सोनाराने ३० टक्के चांदी घातली असेल, तर आकारमान सुमारे ६५. फरक फक्त १३ घन सेंटीमीटरचा, म्हणजे जेमतेम एका मोठ्या चमच्याएवढा. मुकुट मावेल अशा वीतभर रुंदीच्या भांड्यात हा फरक पाण्याच्या पातळीत अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी दिसेल. सांडलेलं पाणी मोजून चोरी पकडायची म्हणजे कठीणच काम.

ही अडचण गॅलिलिओच्या लक्षात आली. १५८६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने एक छोटी पुस्तिका लिहिली. पाणी मोजू नका, पाण्यात तोला, असं त्याचं सांगणं. वस्तू पाण्यात बुडवली की ती जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकी ती हलकी भासते. हे आर्किमिडीजचंच तत्त्व. आणि एक घन सेंटीमीटर पाण्याचं वजन जवळजवळ एक ग्रॅम. म्हणजे वजनात जितके ग्रॅम घट आली, तितके घन सेंटीमीटर त्या वस्तूचं आकारमान. फूटपट्टी नको, मोजपात्र नको. काटा जितका बारीक, तितकं मोजमाप बारीक. त्याच्याही आधी, अकराव्या शतकात, अल-बेरुनीने बाजूला नळी असलेलं एक निमुळतं भांडं करून धातू आणि रत्नं पाण्याच्या मदतीने मोजली होती. आपल्या देशातल्या चालीरीतींवर आणि शास्त्रांवर मोठा ग्रंथ लिहून गेला, तोच हा अल-बेरुनी.

आता हे घरी करून बघायचं असेल तर रासायनिक काटा लागत नाही. हल्ली सेलवर चालणारे छोटे इलेक्ट्रॉनिक काटे बाजारात मिळतात, ते ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवतात. काट्यावर आधी वस्तू तोला. मग पाण्याने अर्धा भरलेला प्लास्टिकचा हलका पेला काट्यावर ठेवा आणि बटण दाबून आकडा शून्यावर आणा. वस्तू बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल अशी हाताने धरा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल, तेच बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणजेच वस्तूचं आकारमान. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. झाली घनता.

सुरुवात सोन्यापासून करू नका. रुपयाच्या नाण्यांपासून करा. आपलं रुपयाचं नाणं स्टेनलेस स्टीलचं असतं आणि त्याची घनता पावणेआठच्या आसपास. एक नाणं घेतलंत तर उत्तर सातही येईल, साडेआठही येईल. पण एकाच जातीची दहा नाणी एकत्र बांधून तोलली तर पावणेआठच्या जवळ याल. असं का होतं? वस्तू लहान झाली की चूक मोठी होते, म्हणून. सगळी मेख इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

पाच ग्रॅमची बावीस कॅरेटची अंगठी घ्या. ती बाजूला सारते ०.२८ ग्रॅम पाणी. तुमच्या काट्यावर शेवटचा आकडा एकाने इकडेतिकडे झाला, म्हणजे ०.२७ किंवा ०.२९ दिसलं, तर घनता साडेअठरा तरी येते किंवा सव्वासतरा तरी. म्हणजे पितळ आणि सोनं यांत गल्लत होणार नाही, पण बावीस कॅरेट की एकवीस, हे तो काटा सांगू शकणार नाही. त्याला मिलिग्रॅम दाखवणारा काटाच पाहिजे.

आणि मिलिग्रॅमचा काटा मिळाला तरी तीन चोर टपलेले असतातच. पहिला चोर बुडबुडा. एक ग्रॅमचं कानातलं घ्या. ते बाजूला सारतं ५६ मिलिग्रॅम पाणी. नक्षीच्या कोपऱ्यात दोन मिलिमीटर व्यासाचा, मोहरीएवढा बुडबुडा अडकला, तर तो एकटाच चार मिलिग्रॅमची भर घालतो. घनता १७.८ असायची ती १६.६ येते. ही घनता साधारण वीस कॅरेटची! एका बुडबुड्याने बावीस कॅरेटचं सोनं वीस कॅरेटचं केलं. म्हणून पाणी आधी उकळून थंड करून घ्यावं, वस्तू स्वच्छ धुवावी, पाण्यात बुडवल्यावर बारीक कुंचल्याने तिच्यावरून हात फिरवावा. दुसरा चोर दोरा. दोरा जिथे पाण्यात शिरतो तिथे पाणी त्याला चिकटून वर चढतं आणि खाली ओढतं. केसाएवढ्या बारीक तारेलासुद्धा हा ओढा दीड-दोन मिलिग्रॅमचा असतो. जाड दोरा घेतलात तर विचारूच नका, शिवाय तो पाणीही पितो. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब टाकला की हा चिकटपणा बराच कमी होतो आणि बुडबुडेही सुटतात. तिसरा चोर पाण्याची ऊब. चार अंशांना पाण्याची घनता एक असते, पण तीस अंशांना ती ०.९९६ होते. घरगुती कामाला हा फरक चालून जातो, प्रयोगशाळेत मात्र तापमान लिहून ठेवावंच लागतं.

पण हे तीनही चोर मी १९८२ साली पकडले होते. पाणी उकळलं होतं, दोरा बारीक होता, तापमान वहीत लिहिलं होतं. तरीही माझं उत्तर एका बाईच्या डोळ्यांत पाणी आणणारं ठरलं. चौथा चोर माझ्या डोक्यात होता.

सकाळी मावशींच्या ओळखीचे एक म्हातारे आबा आले. तेही गलाईवाले. उभी हयात परमुलखात भट्टीपुढे काढून गावी परतलेले. आपल्याकडच्या श्रोत्यांना गलाई सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव, कवठे महांकाळ हे तालुके आणि साताऱ्याकडचे माण, खटाव, हा सगळा पाऊस चुकवणारा मुलूख. शेतीवर भागेना म्हणून इथली माणसं घराबाहेर पडली आणि सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरली. आज केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत, जिथे म्हणून सराफकट्टा आहे, तिथे बहुतेक विट्याकडच्या माणसाची भट्टी सापडते. मोडीतले दागिने, सोनाराच्या दुकानातला केर आणि राख, सगळं मुशीत घालायचं, टाकणखार टाकायचा, आटवायचं. मग त्या सोन्यात सुमारे तिप्पट चांदी मिसळून पत्रा करायचा आणि तो नायट्रिक आम्लात, म्हणजे तेजाबात उकळायचा. चांदी आणि तांबं विरघळून जातं, खाली उरते ती विटकरी-तपकिरी भुकटी. ती पुन्हा आटवली की पिवळंधमक सोनं. कुठल्याही पुस्तकाशिवाय, बापाकडून लेकाकडे, चुलत्याकडून पुतण्याकडे हे रसायनशास्त्र गेलेलं आहे.

आबांनी माळ हातात घेतली. माझा कागद बघितला, आकडे विचारले. मग मला म्हणाले, ‘सर, पितळंचं किती येतंय?’

मी म्हणालो, ‘साडेआठ.’

‘आन् तांब्याचं?’

‘जवळजवळ नऊ.’

‘मग ह्ये सहा कशाचं आलं?’

श्रोतेहो, मी गप्प झालो. खोटा दागिना करायचा तर तो पितळेचा नाहीतर तांब्याचा करतात, आणि त्यांची घनता साडेआठ-नऊ येते. सहाच्या आतली घनता असलेला पिवळा, भरीव धातूचा दागिना कुठून आणणार? तो आकडा ‘हे सोनं नाही’ असं सांगतच नव्हता. तो सांगत होता, ‘मी भरीव नाही.’ मी त्याचं ऐकलंच नव्हतं.

आबांनी एक मणी काढला आणि चिमट्यात धरून दिव्यावर जरासा तापवला. मण्याच्या भोकातून काळपट, चिकट लाख बाहेर आली. बोरमाळेचे मणी पातळ पत्र्याचे करून आत लाख भरतात, म्हणजे ते चेपत नाहीत. हे वाड्यातल्या कुठल्याही बाईला ठाऊक होतं. मला नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. लाखेची घनता जेमतेम एकाच्या वर. चौदा ग्रॅमपैकी दोनच ग्रॅम लाख धरली, तरी ती पावणेदोन घन सेंटीमीटर जागा अडवते. उरलेल्या बारा ग्रॅम सोन्याला मात्र पाऊण घन सेंटीमीटरसुद्धा जागा लागत नाही. दोन्ही मिळून घनता येते सहाच्या आत. माझाच आकडा.

मग आबांनी कसोटीचा काळा दगड काढला. रिकाम्या मण्याची एक रेघ ओढली, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याच्या रेघा ओढल्या, वर तेजाबाचा थेंब दिला आणि रेघा निरखल्या. ‘बावीसचं हाय,’ एवढंच म्हणाले. मला राहवेना. तो रिकामा मणी मी महाविद्यालयात नेला, पाण्यात उकळून आतली हवा काढली आणि तोलला. हवेत ३०० मिलिग्रॅम, पाण्यात घट १७ मिलिग्रॅम. भागाकार साडेसतराच्या वर. पण त्या सतरात एक मिलिग्रॅमची चूक म्हणजे सहा टक्के. म्हणजे मी फार तर सांगू शकत होतो, की घनता पावणेसतरा आणि पावणेएकोणीसच्या मधे आहे. आबांची रेघ माझ्या काट्यापेक्षा नेमकं बोलली होती. दोघांचं जमलं, एवढं समाधान.

मी मावशींची माफी मागितली, दिरांसमोर मागितली. मावशी इतकंच म्हणाल्या, ‘सर, आत काय हाय म्हणून कालच इचारायचं व्हतं की.’

यातून दोन गोष्टी मी वर्गात सांगायला लागलो. एक, घनता ही सरासरी असते. आत पोकळी आहे, लाख आहे, खडा आहे, की दोन धातूंचे थर आहेत, हे ती सांगत नाही. दोन, घनता ‘नाही’ म्हणू शकते, पण छातीठोकपणे ‘हो’ म्हणू शकत नाही. टंगस्टन या धातूची घनता १९.२५ आहे. सोन्याची १९.३. टंगस्टनची लगड करून वरून सोन्याचा जाड थर दिला, तर पाण्याचा काटा फसतो. अशा लगडी जगात सापडल्या आहेत. म्हणून सोन्याचा शेवटचा निवाडा आजही आगीत होतो. नमुन्याचा पाव ग्रॅमच्या आसपासचा तुकडा घेऊन, शिशाबरोबर हाडाच्या राखेच्या किंवा तशाच सच्छिद्र वाटीत तापवतात. शिसं हिणकस धातूंना घेऊन वाटीत जिरतं, मग चांदी आम्लाने काढतात आणि उरलेलं सोनं तोलतात. हॉलमार्किंगमागे हीच परीक्षा आहे. २०२१ च्या जूनपासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्किंग सक्तीचं झालं, पण आजीच्या पेटीतल्या बोरमाळेवर कुठला शिक्का असणार? तिथे घाई न करणं हाच उपाय.

आता सोन्यावरून दगडाकडे येतो, आणि सांगलीहून साताऱ्याकडे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. तीव्रता ६.३. पावणेदोनशेच्या वर माणसं दगावली. माझ्या पिढीतल्या कुणालाही ती पहाट विसरता येत नाही. धरणात पाणी साठायला १९६२ मध्ये सुरुवात झाली होती, आणि तेव्हापासून आजपर्यंत त्या भागात लहानमोठे धक्के बसतच आहेत. हे असं का होतं, याचा शोध घ्यायला जमिनीत खोल छिद्रं पाडायचं काम कोयना परिसरात झालं. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाची त्यासाठीची प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला आहे. आधी दीड किलोमीटरच्या आसपास खोलीची अनेक छिद्रं घेतली. मग पाटण तालुक्यात गोठणे इथे तीन किलोमीटरचं छिद्र घेतलं, ते २०१७ मध्ये पुरं झालं. या छिद्रांतून दगडाच्या लांब कांड्या वर काढतात. त्या कांड्यांचे लहान तुकडे कापून जी मोजमापं होतात, त्यांतलं अगदी प्राथमिक मोजमाप म्हणजे घनता. तीच आपली पाण्यातली तोलणी.

पण सह्याद्रीचा दगड बोरमाळेसारखाच फसवा आहे. आपला काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, जिथे घट्ट असतो तिथे त्याची घनता २.९ च्या आसपास असते. पण लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून काही थर जाळीदार होतात. तसला तुकडा पाण्यात टाकला की तो पाणी पीत राहतो आणि काट्यावरचा आकडा स्थिरच होत नाही. म्हणून तीन वजनं घेतात. पहिलं, भट्टीत पूर्ण वाळवलेल्या तुकड्याचं. मग निर्वात भांड्यात ठेवून त्याची छिद्रं पाण्याने भरून काढतात आणि हवेत तोलतात, हे दुसरं. तिसरं पाण्यात बुडवून. समजा, कोरडं वजन ५२ ग्रॅम, पाणी प्यायलेलं ५४, आणि पाण्यात ३४. तर तुकड्याचं एकूण आकारमान ५४ वजा ३४, म्हणजे २० घन सेंटीमीटर. त्यातली छिद्रं ५४ वजा ५२, म्हणजे २ घन सेंटीमीटर, दहा टक्के. तुकड्याची सरासरी घनता २.६. पण छिद्रं वगळून नुसत्या दगडाची घनता ५२ भागिले १८, म्हणजे २.८९. एकाच दगडाची दोन उत्तरं, आणि दोन्ही खरी. मावशींचा प्रश्न इथे शास्त्रज्ञ स्वतःहूनच विचारतात: आत काय आहे?

या आकड्यांचं करायचं काय? गोठण्याला सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा बेसाल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना पाषाण. त्याची घनता साधारण २.७. आता हिशेब करा. तीन किलोमीटर खाली एका चौरस मीटरवर वरच्या दगडाचा भार किती? जवळजवळ ८,३५० टन. आणि कोयना धरणाची उंची १०३ मीटर. तेवढ्या पाण्याचा भार चौरस मीटरला १०३ टन, म्हणजे पस्तीस-छत्तीस मीटर बेसाल्टच्या थराइतका. वरच्या दगडाच्या मानाने अगदी किरकोळ. म्हणजे ‘धरणाच्या वजनाने जमीन दबली’ एवढ्यावर ही गोष्ट संपत नाही. आधीच ताणात असलेल्या भेगांमध्ये पाणी मुरतं, तिथला दाब वाढतो आणि भेगेच्या दोन बाजूंची पकड सैल होते, हे त्यातलं महत्त्वाचं कारण मानतात. हा विचार करायला सुरुवात कुठून होते? तर मुठीत मावणाऱ्या दगडाच्या तुकड्याची घनता नीट मोजण्यापासून.

आणि हे केवळ प्रयोगशाळेचं काम आहे असं नाही. पाटण-जावळीकडचा शेतकरी भाताचं बी पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात टाकतो. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ. पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाला बसलेले भरीव दाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन, सावलीत सुकवून पेरायचे. इथे काटाही लागत नाही, भागाकारही नाही. पाण्याची घनता मिठाने थोडी वाढवली आणि प्रत्येक दाण्याला एकच प्रश्न विचारला: तू माझ्याहून जड की हलका? रत्नपारखी आणि खनिजतज्ज्ञही हेच करतात, फक्त मिठाच्या पाण्याऐवजी ते जड रासायनिक द्रव वापरतात. वस्तू पाण्यात विरघळणारी असली तर पाणी बदलायचं. कराडच्या गुळाचा खडा तोलायचा असेल तर तो गोड्या तेलात तोलावा, आणि तेलाची घनता ०.९२ धरून हिशेब करावा. मात्र तो खडा पुन्हा चहात टाकायची आशा सोडावी.

जाता जाता एवढंच सांगतो. तुमच्या घरात जुना दागिना असेल आणि तुम्ही तो पाण्यात तोलून बघणार असाल, तर जरूर बघा, मुलांनाही जवळ बसवा. पण मोती, लाख, खडे असलेला दागिना पाण्यात घालू नका. आणि कमी आकडा आला म्हणून लगेच कुणाला खोटं ठरवू नका. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हा कसा घडवलाय, आत काय आहे. मग जाणकाराकडे न्या.

मावशींच्या मुलीचं लग्न त्याच वर्षी झालं. बोरमाळ पुरती मोडावी लागली नाही, अर्धे मणी राहिले. तो तापवलेला मणी आबांनी पुन्हा लाख भरून, घासूनपुसून माळेत ओवून दिला. मी लग्नाला गेलो होतो. मावशींनी ताटात वाढताना मला एक बुंदीचा लाडू जास्त वाढला आणि हसत म्हणाल्या, ‘सर, ह्यो भरीव हाय.’